दोन गायींमागे एक बिल्ला

त्या उन्हाळ्यात गावात लाळ्या-खुरकुताची साथ आली, जनावरं मरायला लागली, आणि एका घरच्या मधल्या सुनेचा, मधलीचा, हात फोटोवर बसला. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं ते खरं.

गाय मेली की विम्यासाठी तीन फोटो लागत. एक अख्ख्या जनावराचा, एक तोंडाचा आणि एक कानातल्या विम्याच्या बिल्ल्याचा, नंबर दिसेल असा. गावात कॅमेरा एकट्या मधलीकडं. तिच्या माहेरच्या भावानं नवा घेतला तेव्हा जुना तिच्या ओटीत टाकला होता. त्याचं मागचं झाकण सायकलच्या ट्यूबची कडी घालून बंद ठेवावं लागे. दहा हातांवरचं झाड बरं येई, पण हातभर अंतरावरचं काहीही धूसर, दुधात पाणी घातल्यासारखं. तरी कुणाची गाय पडली की पहिला निरोप हिला. रोल ज्याचं जनावर त्यानं आणायचा. छत्तिसातले तीन-चार मेलेल्याचे, उरलेले मधलीचे. हीच तिची मजुरी, आणि तिला ती पुष्कळ वाटे.

उरलेल्या फोटोंत ती काय काढी, हा घरातल्या करमणुकीचा विषय होता. धारेच्या वेळचे हात. दाव्यानं झिजलेला खांब. चुलीसमोर बसलेल्या सासूची पाठ. उकिरड्यातून निघणारी वाफ. थोरला दीर तिच्याशी सरळ बोलत नसे, जे बोलायचं ते तिच्या नवऱ्याकडं बघून. तो म्हणे, "लोक पोराबाळांचे फोटो काढतात, ही शेणाचे काढते. सांग तिला, शेण इथं फुकट बघायला मिळतं." थोरली जाऊ हसायची. नवराही हसायचा, आणि ते तिला जास्त लागायचं.

बाजारपेठेत फोटोवाल्याच्या दुकानात काचेच्या कपाटात एक कॅमेरा होता. भिंग बदलता येणारा, जड, काळा. एकदा दुकानात गर्दी नव्हती तेव्हा फोटोवाल्यानं तो तिच्या हातात दिला आणि भिंगाभोवतीची कडी फिरवायला सांगितलं. काचेवर माशी बसली होती. मधलीनं कडी फिरवली, आणि धुक्यातून माणूस यावा तशी माशी समोर आली, पायांवरच्या केसांसकट. तिनं कॅमेरा परत दिला तेव्हा तिचे हात घामेजले होते. त्या दिवसापासून तिला स्वतःच्या कॅमेऱ्याचा राग यायला लागला. जेवताना, शेण काढताना, धार काढताना तिच्या डोक्यात ती कडी फिरत असे.

राग यायला कारणही होतं. बिल्ल्यावरचा नंबर तिच्या फोटोत कधी नीट येतच नसे. दूध संस्थेचा सचिव विम्याचे कागद करायचा, तो फोटोखाली पेनानं नंबर लिहायचा. तिला त्याची लाज वाटे. एकदा ती त्याला म्हणाली, की नवा कॅमेरा घेतला की तुम्हाला हे लिहावं लागणार नाही. सचिवानं पेनाला टोपण लावलं. म्हणाला, "नवा कशाला घेताय वहिनी? तुमच्या ह्या कॅमेऱ्यावर निम्मं गाव तगलंय."

मधली ते वाक्य मिरवत घरी घेऊन आली. सासू धान्य निवडत होती. तिला सांगितलं. सासूनं सुपातून मान वर केली नाही. मधलीला वाटलं, म्हातारीला कौतुक सोसत नाही.

साथ त्यांच्या गोठ्यात शिरली ती उशिरानं. गोठ्यात गायी दोन, एकाच आईच्या, दोन्ही काळ्या-पांढऱ्या. एक हावरी, दुसऱ्याच्या दावणीत तोंड घालणारी. दुसरी मुकी. तिला जन्मात कुणी हंबरताना ऐकलं नव्हतं. वासरू दूर नेलं तरी ती नुसती बघत राही. दोघींची धार मधलीच काढायची. मुकीच्या पोटाला कपाळ टेकवून ती बसली, की तिचा दिवसभरातला तेवढाच वेळ कुणी हाक न मारता जायचा.

हावरीनं वैरण सोडली. हावरीनं वैरण सोडली म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात किडे. विहिरीला पाणी तळाशी गेलं होतं. मधली आणि नवरा लांबून पाण्याचे कॅन आणत, तुरटीचं पाणी करून हावरीचं तोंड धूत, खुरात राख भरत. मुकीला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं होतं. तिथला कडबा मधली हात धुऊन, लुगडं बदलून टाकायची. तीन दिवस तिची पाठ सरळ झाली नाही. डॉक्टर एकदा येऊन सुई टोचून गेला आणि जाताना हात पुसण्यासाठी तिच्याकडं फडकं मागून गेला. चौथ्या दिवशी सकाळी हावरीनं पाय ताणले, आणि संपलं.

नवरा खांबाला टेकून बसला. सासूनं डोळ्याला पदर लावला. थोरला पायात चपला सरकवून संस्थेकडं गेला आणि थोड्या वेळानं सचिवाला घेऊन आला. दोघं गोठ्याच्या दाराशी बोलले. मग थोरला भावाला म्हणाला, "तिला बांधाच्या गवताला पाठव."

गवत घरात होतं. तरी मधली गेली. बाईनं प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं, आणि ते शिक्षण वाया गेलं नव्हतं. उन्हात तिनं विळ्यानं भारा कापला. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. आपल्याच घरचं जनावर, म्हणजे रोल घरचा. हावरीसाठी वाईट वाटायचं ते वाटतच होतं, आणि त्याच्या मागून बत्तीस फोटो हिशेबाला उभे होते. तिला स्वतःची किळस आली.

दुपारी ती भारा घेऊन परतली आणि गोठ्यात शिरताच थांबली. मुकी भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिचा डावा कान मधोमध चिरलेला होता, भोकापासून थेट काठापर्यंत. मानेवरून रक्त ओघळून वाळलं होतं आणि त्यावर माश्या. सासू कानाला राख दाबत होती. मुकी थरथरत होती, पण आवाज नाही. ह्या गायीचं तेच तर सोयीचं होतं.

मधलीनं भारा टाकला. पलीकडं हावरी पडली होती. तिच्या डाव्या कानात पिवळा बिल्ला.

हावरीच्या कानात कधीच बिल्ला नव्हता. हे मधलीइतकं कुणाला ठाऊक असणार? रोज दोनदा त्या कानापाशी तिचं डोकं असे. ती खाली बसली. हावरीच्या कानालाही तशीच चीर होती, काठापासून आत, आणि त्या चिरेतून बिल्ला आत सरकवून बसवला होता. चिरेला रक्ताचा थेंब नव्हता. मेलेलं काय रक्त देणार?

नवरा मागं येऊन उभा राहिला. तिनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, आणि असं सांगितलं की जणू शेजारी कोण राहतं ते सांगतोय. गावात सगळेच तसं करतात. दोन गायींमागे एक बिल्ला. हप्ता एकीचाच भरायचा. जिचा विमा आहे ती मेली तर ठीकच. नाही तर बिल्ला चालत जातो. फॉर्मात लिहिलेलं असतं काळी-पांढरी, आणि गावच्या निम्म्या गायी काळ्या-पांढऱ्या.

"आणि मुकी?"

"ती कागदावर मेली ना. गुरुवारी दुपारी व्यापारी येतोय तिला न्यायला. विम्याचे साहेब तपासणीला यायच्या आत गोठ्यातून गेली पाहिजे."

"ती दूध देते. तिला काय झालंय?"

"हे बघ, दादा म्हणालाय, पैसे आले की पहिला तुझा कॅमेरा. त्यानं स्वतः म्हटलंय."

खोटं का सांगा, त्या क्षणी मधलीच्या डोळ्यांपुढं काचेवरची माशी आलीच. तिनं विचारलं, की एवढं जोखमीचं काम आहे तर बाजारपेठेतल्या फोटोवाल्याला का आणत नाही, त्याचे फोटो स्वच्छ येतात.

नवरा हसला. वाईट हेतूनं नाही, त्याला खरंच हसू आलं. "त्याच्या फोटोत चीर दिसेल की. तुझ्यात काय दिसतं?"

असं म्हणून तो चहा घ्यायला आत गेला.

मधली तिथंच बसून राहिली. एकेक जनावर तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागलं. त्या कोपऱ्यावरच्या घरातली गाय, जिचा कान पुसून घेऊ का म्हणून तिनं विचारलं होतं, आणि सचिव घाईनं नको नको म्हणाला होता. दर वेळी फोटो गोठ्यातल्या अंधारात. दर वेळी "अजून जवळून घ्या वहिनी, अजून जवळून." एकदा तिला कानाची चीर जाणवलीही होती, तेव्हा तिनं स्वतःच स्वतःला समजावलं होतं, की तारेच्या कुंपणात अडकला असेल. आणि दर वेळी आठ-पंधरा दिवसांत त्या घरची दुसरी गाय विकली जायची. तिला वाटायचं, बिचाऱ्यांचं दुधावरून मनच उडालं.

निम्मं गाव तगलंय म्हणे. गावाला तिचे डोळे नको होते. तिच्याकडं कॅमेरा आहे म्हणून तिला बोलावत नव्हते, तिचा कॅमेरा आंधळा आहे म्हणून बोलावत होते. आणि ती आपली लाजत होती, नव्या भिंगाची स्वप्नं बघत होती, फोटो आणखी चांगला कसा येईल म्हणून झुरत होती. थोरल्याचा राग आला, सचिवाचा आला, नवऱ्याच्या हसण्याचा सगळ्यांत जास्त आला. पण ज्या तोंडानं आपण सासूला ते कौतुक सांगितलं, ते स्वतःचं तोंड तिला थोबाडावंसं वाटलं.

थोरला रोल घेऊन आला तेव्हा ती तोंड धुऊन तयार होती. त्यानं भावाला सांगितलं, "तिला म्हणावं, जवळून घे."

मधली नवऱ्याला म्हणाली, म्हणजे थोरल्याला ऐकू जाईल अशी, की आतला उजेड फारच कमी आहे. काळंकुट्ट आलं तर साहेब कागद परत पाठवतील, आणि साथीचं जनावर आजच पुरायचंय, उद्या फोटो कुणाचा घेणार? हावरीला अंगणात ओढा. थोरल्यानं थोडा विचार केला. कॅमेऱ्यावर त्याचा भरवसा होता. चौघा गड्यांनी दोर लावून हावरीला उन्हात ओढलं. जमिनीवर लाळेचा ओला पट्टा उमटला.

तिनं अख्ख्या जनावराचा फोटो घेतला. तोंडाचा घेतला. मग ओसरीवर बसलेल्या सासूपाशी गेली.

"आई, चष्मा द्या जरा."

"कशाला?"

सासूचा तो चष्मा फक्त जवळचं बघण्याचा, खडे निवडायचा, सुईत दोरा ओवायचा, आणि तो कधी घराबाहेर जात नसे. वैशाखात एकदा मधलीनं तो कॅमेऱ्याच्या भिंगापुढं धरून दुधाच्या कॅनवरच्या मुंग्या टिपल्या होत्या, आणि तो फोटो घरात एकट्या सासूला दाखवला होता. मुंग्यांच्या मिशासुद्धा आल्या होत्या. सासूनं आता एकदा अंगणात पडलेल्या हावरीकडं पाहिलं. तिच्या बोटांवर अजून मुकीच्या कानाचं रक्त आणि राख होती. त्याच बोटांनी तिनं चष्मा काढला आणि सुनेच्या हातात ठेवला.

"पुसून घे," म्हणाली.

मधलीनं चष्मा पदरानं पुसला. बादली पालथी घालून तिच्यावर कॅमेरा टेकवला. कानापासून एक हात अंतर, वर चार बोटं. डाव्या हातानं चष्म्याची काच भिंगापुढं धरली. थोरल्यानं भावाला विचारलं, हे काय चाललंय. मधलीनंच सांगितलं, "यानं नंबर मोठा दिसतो." ते अगदी खरं होतं. थोरल्यानं मान डोलावली. तिनं हावरीचा कान पुसला, केस विंचरल्यासारखे एका बाजूला सारले, श्वास रोखला आणि बटण दाबलं. पुन्हा एकदा दाबलं.

संध्याकाळच्या आत हावरीला गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरलं. बिल्ला तिच्या कानातच गेला. उरलेला रोल मधलीनं त्याच दुपारी संपवला, सगळा मुकीवर. चिरलेला कान, सुजलेला कान, राख लावलेला कान. रोल धुवायला बाजारपेठेत सचिवच न्यायचा; रोलच्या डबीत तिनं फोटोवाल्यासाठी चिठ्ठी घातली, की बिल्ल्याच्या फोटोच्या दोन प्रती काढा, एक माझ्या पाकिटात टाका.

नंतरचे दोन दिवस ती नेहमीसारखी राबली. गोठा चुन्यानं धुतला. हावरीची दावण घासली. मुकी एकटीनं कमी खाऊ लागली, तिला हातानं भरवलं. धार काढताना मुकी डोकं वळवून चिरलेला कान झटकायची आणि मधलीच्या गालावर रक्ताचं बारीक पाणी उडायचं. नवरा दोनदा कॅमेऱ्याबद्दल बोलायला आला, कोणता घ्यायचा, केवढं भिंग. दोन्ही वेळा ती म्हणाली, येऊ दे आधी फोटो.

गुरुवारी सकाळी सचिव आला. नेहमी तो ओसरीवर बसून पाणी मागायचा. आज त्यानं मधलीचं पाकीट तिच्या अंगावर टाकल्यासारखं दिलं आणि थोरल्यापुढं एक फोटो धरला.

थोरल्यानं पाहिला. नवऱ्यानं त्याच्या खांद्यावरून पाहिला. त्यात हावरीचा कान होता. बिल्ल्यावरचे आकडे असे आले होते की खाली पेनानं लिहायची गरज नव्हती. एकूण एक केस वेगळा दिसत होता. आणि बिल्ल्यापासून काठापर्यंत ती चीर, कोरडी, फिकी, सुरीनं कागद कापावा तशी सरळ. आंधळ्यालाही कळावं, की ही मेल्यावर दिलेली आहे.

"हा मी साहेबांपुढं ठेवला तर साहेब मागचे सगळे कागद काढायला लावतील," सचिव म्हणाला. "तुमचं राहू दे, मी आत जाईन. दुसरा फोटो आहे का?"

दुसरा होता, तोही तसाच. आणि हावरी जमिनीखाली फुगली होती. सचिवानं फोटोचे चार तुकडे केले आणि शेणाच्या पाटीत टाकले. विमा विसरा म्हणाला आणि निघून गेला.

थोरला उठला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि आज पहिल्यांदा तो मधलीच्या समोर येऊन तिच्याकडं बघून बोलला.

"मुद्दाम केलंस तू."

"फोटो चांगला आला दादा. एवढंच झालं."

"घरात खायचं आणि घरावरच उलटायचं? त्या पैशात दुसरी गाय आली असती. ही एक गेली ती गेली, आता ह्या एकटीच्या दुधावर सात माणसं जगवायची. आणि ह्यापुढं गावात कुणी तुला रोल देईल असं वाटतं? उपाशी मर आता त्या डबड्याला घेऊन."

त्यात खोटं काही नव्हतं. हावरीची धार त्या घराला खरोखरच लागत होती, आणि रोलही आता कुणी देणार नव्हतं. मधलीला ते चटकन कळलं. तरी तिची मान खाली गेली नाही. थोरल्यानं व्यापाऱ्याला निरोप धाडला, येऊ नको. कागदावर मुकी आता जिवंत होती, आणि घराला दूध हवं होतं. दयामाया त्यात काही नव्हती.

नवरा मात्र तसाच उभा राहिला. त्याला खरंच कळत नव्हतं. तो म्हणाला, "अगं, पण तुला नवा कॅमेरा नको होता का? रात्रंदिवस तेच तर बोलायचीस."

"हवा होता. अजून हवाय." तिनं सासूचा चष्मा पदरात पुसत म्हटलं. "पण ह्या डबड्यात तुम्हाला एवढं दिसलं तर घाम फुटला. नव्यात काय काय दिसलं असतं, याचा विचार करा."

सासूनं हात पुढं करून चष्मा घेतला, नाकावर चढवला, शेणाच्या पाटीतले तुकडे एकेक करून वेचले आणि मांडीवर जुळवून बघत बसली. बराच वेळ बघत होती.

संध्याकाळी दूध घालायला नवरा निघाला तेव्हा मधलीनं कॅन त्याच्या हातातून घेतला. तो ओढाओढ करणार होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं सोडून दिला. संस्थेपुढं रांग लागली होती. पंचवीस-तीस माणसं, बायका, हातात कॅन, किटल्या. बातमी तिच्या आधी पोचली होती. तिला जागा द्यायला कुणी सरकलं नाही. ज्यांच्या गोठ्यात ती लाळेत, शेणात गुडघे टेकून बसली होती, तीच माणसं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, की बाईच्या हातात यंत्र दिलं की असं होतं. तो हळू बोलला, पण तिला ऐकू जाईल इतकंच हळू.

ती रांग सोडून सरळ पुढं गेली. दाराशेजारी दुधाच्या दरांचा फळा होता, त्यावर जुने कागद टाचण्यांनी लावलेले. तिनं पोलक्यातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो काढला, एका जुन्या कागदाची टाचणी उपसली आणि हावरीचा कान दरांच्या शेजारी लावला.

रांग मोडली. आधी पुढचे दोघं बघायला आले, मग सगळेच. कुणी फोटोला हात लावला नाही, कुणी ओरडलं नाही. फोटोपुढं माणसं दाटीनं उभी राहिली, वाकली, डोळे बारीक करून त्या चिरेकडं बघत राहिली. प्रत्येकाला ती ओळखीची होती. इतके रोल संपवून मधलीनं आपला एकही फोटो लोकांना असा थांबून बघताना पाहिला नव्हता.

सचिव टेबलामागून उठून आला. त्याचा हात फोटोकडं गेला.

"काढा," मधली म्हणाली. "निगेटिव्ह माझ्याकडं आहे. उद्या परत लावीन. इथं नाही तर साहेबांच्या दारावर लावीन."

सचिवाचा हात तिथंच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला. मागं कुणीतरी खाकरलं.

मधलीनं कॅन उचलला आणि वजनकाट्यावर ठेवला.

"हे मुकीचं दूध आहे," ती म्हणाली. "मोजा."